पॅनला टेकून उभा माणूस

आप्पा पॅनजवळ आले की आधी पोट टेकवायचे. हात नाही, खांदा नाही, पोट. शर्टाची खालची दोन बटणं काढायची, उजव्या अंगाला जरासं कलायचं आणि बेंबीखालचा भाग पॅनच्या गरम पत्र्याला लावून डोळे मिटायचे. कुणी विचारलं, "काय आप्पा, काय व्हयनं?" तर डोळे न उघडता उत्तर यायचं, "काय नही. रोजनंच शे."

रोजनं म्हणजे रोजचं. रोजचं काय, हे विचारायची अक्कल आम्हा कुणाला नव्हती. त्यात मी पहिली.

तापीच्या पट्ट्यातला साखर कारखाना. नाव सांगत नाही. जे सांगणार आहे त्यात माझी पुरेशी शोभा होणार आहे, कारखान्याची कशाला? मी नगरकडची. साखरेचा कोर्स करून इथल्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. तोंडाने फटकळ. "मॅडमनी जीभ म्हंजे नंदुरबारनी मिरची," असं लोक माझ्या पाठीमागे म्हणायचे आणि मेलं मला त्याचं कौतुकच वाटायचं.

साखर कारखाना तुम्ही आतून पाहिला नसेल तर पॅन म्हणजे काय ते सांगते. दोन मजले उंच लोखंडी भांडं. उसाच्या रसाचा पाक त्यात शिजतो आणि शिजता शिजता साखरेचा दाणा धरतो. ही दाणा धरण्याची वेळ फार नाजूक. वाफ जरा इकडची तिकडे झाली की पाकात नको तेवढा बारीक बारीक दाणा सुटतो. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो. तो सुटला की साखरेचा भुगा होतो, पुढचं सगळं काम अडतं आणि मग वरपासून खालपर्यंत जो तो एकमेकांवर खेकसत सुटतो. म्हणून पॅन शिजवणारा माणूस, म्हणजे पॅनमन, पॅन सोडून हलत नाही. आप्पा आमचे सगळ्यांत जुने पॅनमन.

अंगाने काटकुळे, उंचीला बेताचे, पांढऱ्या मिशा. प्रकाशा गावापलीकडच्या एका खेड्यात घर, थोडी शेती, ती भाऊ बघायचा. पाकाचा नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन ते उजेडात धरायचे, मग अंगठ्यात आणि बोटात घेऊन चोळायचे आणि म्हणायचे, "बांधाई गया दाना." मी माझ्या यंत्रावर नमुना लावायची. आकडा यायला वेळ लागायचा. तोवर आप्पा काचेच्या भिंतीपलीकडून ओरडायचे, "तुम्हनं मशीन काय म्हनस, मॅडम? जागं व्हयनं का?"

आकडा आला की तो आप्पांच्याच बाजूने बोलायचा. मला राग यायचा. एकदा मी मुद्दाम दोन पॅनचे नमुने अदलाबदल करून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी बोटात चोळले, माझ्याकडे बघितलं आणि पट्ट्या गपचूप जागच्या जागी ठेवल्या.  मी आपली तोंड लपवायला चहा सांगितला.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस पॅनला पोट टेकवून डोळे मिटतो, तेव्हा बघणाऱ्याला काय वाटणार? सगळ्यांना वाटायचं, हा पॅनचं ऐकतोय. आत पाक खदखदतो त्याची थरथर पत्र्याला येते, ती आप्पांना पोटाने कळते आणि हीच त्यांची विद्या. शेजारच्या पॅनवरचा भिका, चाळिशीचा गडी, दोन पोरींचा बाप, त्याने आधी सुरुवात केली. मग तिसऱ्या पॅनवरच्यानेही. एका सकाळी मी लॅबमधून बघते तर तीन पॅन आणि तिन्हींना पोटं लावून उभे तीन बाप्ये, डोळे मिटलेले. मला हसू आवरेना.

"भिका, काय कळतं रे तुला त्यातून?"

"अजून काय समजत नही, मॅडम," भिका गंभीरपणे म्हणाला. "पन समजी जाई. आप्पाले बी एकदम थोडंच समजनं व्हई."

आप्पांनी डोळे उघडले, भिकाकडे बघितलं आणि मिशीत हसले. खरं काय ते मात्र त्याला सांगितलं नाही.

मला कळलं ते हंगाम सुरू होतानाच्या जेवणावळीत. पहिली मोळी टाकली की आमच्याकडे पंगत बसते. भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाचा तवंग असलेली शेवभाजी. आप्पा सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते, स्वतःच्या ताटात मात्र ताक-भात आणि एक केळं. "आप्पानं पोट म्हंजे सासरनं पाहुनं," कुणीतरी म्हणालं, "काय बी चालत नही." सगळे हसले, आप्पाही हसले. थोड्या वेळाने मी हात धुवायला गेले तर जिन्याखाली आप्पा उकिडवे बसलेले. दोन्ही मुठी पोटात खुपसलेल्या, कपाळावरून घाम गळतोय आणि ओठ हलताहेत. मला वाटलं जप करताहेत. जवळ गेले तर आकडे मोजत होते.

"चाळीसपर्यंत मोजं का ढिलं पडस," ते म्हणाले. "कधीमधी साठ लागतस."

मग तिथेच तुटक तुटक कळलं. आतड्याला सूज येणारा आजार. नाव इंग्रजी, ते आप्पा 'क्रोन' म्हणायचे. अकरा वर्षं झाली होती. सुरतेच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. सूज चढली की रक्त जायचं, ताप यायचा, वजन उतरायचं, ते दिवस वेगळे. पण ते दिवस नसतानाही पोट दुखायचंच. रोज. उठल्यापासून निजेपर्यंत, कधी मंद, कधी ओलं धोतर पिळावं तसं. ऊब लागली की जरा सैल पडायचं. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, वीट तापवून फडक्यात बांधून द्यायच्या आणि कारखान्यात पॅन होता.

"मग तुम्ही पॅनचं ऐकत नाही?"

"पॅननं काय ऐकनं? पॅन मन्हं ऐकस."

मी म्हटलं, आप्पा, अकरा वर्षं हे सोसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तर ते म्हणाले, "ते बी ऱ्हास, मी बी ऱ्हास," म्हणजे दुखणंही राहतं नि मीही राहतो, आणि पंगतीत परत जाऊन वाढायला लागले.

आणखी एक अडचण होती, ती सांगायला त्यांना जड गेलं. पोटात कळ आली की पुष्कळदा धावावं लागायचं. पुरुषांचा संडास खाली, बेचाळीस पायऱ्या उतरून, आवार ओलांडून. दाणा धरायच्या वेळेला एवढं लांब जाणार कसं? म्हणून आप्पा सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत. पॅनच्या मजल्यावर एकच संडास होता, लॅबला लागून. मी इथे लागलेली पहिली बाई, म्हणून तो माझ्यासाठी बांधलेला. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. लोक त्याला 'मॅडमनी कचेरी' म्हणायचे. मी किल्ली काढली आणि आप्पांच्या हातावर ठेवली.

 त्यांनी ती जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली. दुसऱ्या दिवसापासून पॅनजवळ पाण्याची बाटली दिसायला लागली. तो हंगाम छान गेला.

पुढच्या वर्षी सुरतेच्या डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुरू केलं. काही महिन्यांनी दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली आणि आप्पा रिपोर्ट घेऊन माझ्याकडेच आले, कागद इंग्रजीत म्हणून. मी वाचला. सूज नाही, जखमा भरल्या आहेत, सगळं साफ. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ओरडले, "आप्पा, नॉर्मल! सगळं नॉर्मल!" भिकाने जाऊन पेढे आणले. आप्पांनीही अर्धा पेढा खाल्ला. त्या रिपोर्टचा फोटो मी माझ्या मोबाइलमध्ये काढून ठेवला, जपून राहावा म्हणून.

महिना गेला. आप्पा पॅनला टेकलेलेच. चेहरा तसाच ओढलेला, जिन्याखालचं मोजणं तसंच. मी विचारलं की, "रोजनंच शे."

आता माझा पिंड कसला, ते ओळखा. लॅबमधली बाई मी. सकाळी आठपासून आकडे बघते, आकडा आला की विषय संपला. जे कागदावर नाही ते नाही. एका सकाळी, आधीच चीफ केमिस्टांचं बोलणं खाऊन आले होते, आणि आप्पा डोळे मिटून टेकलेले दिसले. माझं डोकं फिरलं.

"आप्पा, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? सूज गेली. मग आता कसलं दुखणं? सवय लागलीय तुम्हाला. मनातून काढून टाका."

सगळ्यांसमोर बोलले. भिका समोर उभा होता. आप्पांनी डोळे उघडले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाची बटणं लावली आणि म्हणाले, "व्हई, मॅडम. तुम्ही शिकेल शेतस."

दुपारी जेवून आले तर माझ्या टेबलावर किल्ली. मला बोचलं, नाही कसं म्हणू? पण मी मनाशी म्हटलं, बरंच झालं, म्हणजे आता गरज राहिली नाही. आणि किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. काय म्हणावं या अकलेला!

पाण्याची बाटली पुन्हा दिसेनाशी झाली. आप्पा पॅनला टेकायचेही बंद झाले, निदान माझ्यादेखत. हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहायचे. भिका मात्र टेकत होता, त्याचं शिक्षण चालू होतं.

पंधराएक दिवसांत व्हायचं ते झालं. दाणा धरायच्या नेमक्या वेळेला आप्पांना कळ आली. ते जिना उतरून गेले, बेचाळीस पायऱ्या, आवार, आणि परत वर यायला पाय उचलेना म्हणून मधल्या टप्प्यावर बसून राहिले. तेवढ्यात पॅनमध्ये खोटा दाणा सुटला. भिकाने आपल्या परीने पाणी सोडून धुवायचा प्रयत्न केला, पण अख्खा पॅन बिघडला. अठ्ठावीस वर्षांत आप्पांच्या हातून बिघडलेला तो पहिला.

चीफ केमिस्टांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हे, पण हंगामात सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात.

"तो म्हणतो पोट दुखतं. तुम्हाला माहिती असते त्याची. खरंच आजारी आहे का?"

मी काय करायला हवं होतं, ते आता तुम्ही मला सांगू नका, मला ठाऊक आहे. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण माझ्या मोबाइलमध्ये आकडा होता. मी फोटो उघडला आणि टेबलावर सरकवला.

"आजार होता, सर. आता रिपोर्ट नॉर्मल आहे."

एवढं एकच वाक्य. खोटं नव्हतं त्यात काही. दुसऱ्या दिवशी आप्पांची बदली खाली उसाच्या यार्डात झाली. आलेल्या ट्रॅक्टरांना आणि बैलगाड्यांना नंबर द्यायचे, रांग लावायची. ज्या माणसाला बोटाने दाणा कळतो त्याला पाटी देऊन उन्हात उभं केलं. आप्पांनी पॅनच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला, भिकाला सांगितलं, "वाफवर ध्यान ठेव," आणि ते खाली गेले.

आमच्या लॅबच्या खिडकीतून यार्ड दिसतं. मी दिवसातून दहा वेळा बघायची आणि बघून चिडायची, कुणावर ते कळायचं नाही. यार्डात टेकायला गरम काही नव्हतं. आप्पा चहाचा पेला पोटाशी धरून उभे राहायचे, चहा गार झाला की दुसरा मागवायचे, पीत नसत. यार्डाच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या पालांची रांग होती, सातपुड्यातून आलेली पावरा आदिवासी माणसं. एक बाई दोन दिवस आप्पांना निरखत होती. तिसऱ्या दिवशी ती उठली, चुलीतला एक चपटा दगड चिंधीत गुंडाळला आणि आप्पांच्या हातात दिला. तिला आप्पांची भाषा येत नव्हती, आप्पांना तिची. तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला आणि परत भाकरी थापायला बसली. पुढे रोज सकाळी आप्पा आले की दगड तयार असायचा. तिने कसलाही कागद बघायला मागितला नव्हता.

हे सगळं मी वरून बघत होते आणि तरी खाली उतरले नाही. लाज वाटत होती आणि लाजेचं एक वाईट असतं, ती वाटली की माणूस सुधारण्याऐवजी तोंड चुकवतो.

मग तो दिवस. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी नमुना लावत होते आणि पॅनच्या मजल्यावर एकदम शांतता झाली. यंत्रं चालूच होती, माणसं गप्प झाली. बाहेर आले तर जिन्याच्या तोंडाशी आप्पा. बेचाळीस पायऱ्या चढून आलेले. तोंड राखेसारखं, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. ते कुणाकडे न बघता त्यांच्या पॅनपाशी गेले, पोट टेकवलं आणि लगेच मागे झाले. पुन्हा टेकवलं, पुन्हा मागे झाले. पत्रा सोसवत नव्हता.

"आप्पा?"

"मॅडम," ते म्हणाले, "हाई रोजनं नही."

नंतर कळलं की ते आधी कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांच्या फायलीत माझ्याच मोबाइलमधून चीफ केमिस्टांमार्फत गेलेला तो रिपोर्ट होता. नॉर्मल. कंपाउंडरने ॲसिडिटीची गोळी देऊन परत पाठवलं होतं. म्हणजे बघा, एक नमुना मी चुकीचा वाचला आणि त्याच्यावरून पुढचे सगळे चुकत गेले.

आप्पांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात बर्फासारखा गार. "माय," ते हळू म्हणाले, "मी लबाडी नही करी ऱ्हायनू."

 मी भिकाला हाक मारली, "जीप!" भिका म्हणाला, "मॅडम, पॅनवर दाना धरी ऱ्हायना." मी म्हटलं, जळू दे तुझा दाणा. मग तिसऱ्या पॅनवरच्याला दोन्ही पॅन बघायला सांगून भिकाने आप्पांना पाठीवर घेतलं आणि आम्ही त्या बेचाळीस पायऱ्या एका दमात उतरलो. चीफ केमिस्ट खाली दारात होते. काय चाललंय विचारायला त्यांनी तोंड उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि बाजूला झाले.

भर हंगामातला रस्ता कसा असतो ते आमच्याकडे राहणाऱ्याला विचारा. एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्याने गाणी. हॉर्न ऐकतोय कोण! आप्पा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून मोजत होते. चाळीस झाले. साठ झाले. शंभर झाले. शंभरानंतर त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. हिरवी उलटी झाली. प्रकाशाच्या पुलाच्या अलीकडे एक ट्रॉली कलंडलेली, रस्ताभर ऊस. भिका उतरला आणि वेड्यासारखा मोळ्या उचलून बाजूला फेकायला लागला. मागच्या गाड्यांतली माणसं उतरली, दोघंचौघं हात लावायला आले.

"आप्पा, मोजा," मी म्हटलं.

"तुम्ही मोजा," ते म्हणाले. "मन्हं चुकी ऱ्हायनं."

मग मी मोजत राहिले. पूल ओलांडताना मी मोठ्याने मोजत होते आणि खाली तापी तशीच चालली होती.

नंदुरबारच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, भला मुलगा, पण समोर गर्दी. त्याने कागद घेतला आणि विचारलं, "काका, दुखणं किती आहे? एक ते दहामध्ये सांगा. दहा म्हणजे सगळ्यांत जास्त."

 एवढ्या वेदनेत आप्पा हिशेब लावत होते. मग म्हणाले, "रोजनं धरीसन सांगू का सोडीसन?"

रोजचं दुखणं धरून की सोडून, हे डॉक्टरला कळलं नाही. त्याला वाटलं माणूस बोलतोय म्हणजे बरा आहे. तो म्हणाला, रिपोर्ट असतील तर दाखवा आणि बाहेर बाकावर बसा. माझ्या मोबाइलमध्ये रिपोर्ट होता. साफ, नॉर्मल. मी मोबाइल पर्समधून काढलासुद्धा. आणि परत आत टाकला.

"डॉक्टर, रिपोर्ट आहे, पण तो जुना आहे आणि मी तो दाखवणार नाही. या माणसाला बारा वर्षं रोज दुखतंय आणि तो रोज कामावर येतो. तो स्वतःहून म्हणतोय की हे रोजचं नाही. त्याचं पोट बघा. आत्ता बघा. बाकावर नाही बसणार तो."

आवाज चढला असेल माझा, अख्खा दवाखाना बघत होता. डॉक्टरने पोटावर हात ठेवला. हात ठेवल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला आणि तो मोठ्या सर्जनना बोलवायला धावला.

आतडं अडलं होतं आणि अडून फुटायला लागलं होतं. ऑपरेशन तीन तास चाललं. संध्याकाळी सर्जननी मला समजावून सांगितलं. दुर्बीण जिथवर पोचते तिथवर सगळं साफच होतं, रिपोर्ट खोटा नव्हता. त्याच्या पलीकडे जुन्या जखमांच्या वळांनी आतडं आवळत गेलं होतं. तेच आज बंद झालं. "आणि त्यांचं रोजचं दुखणं?" मी विचारलं. "सूज नसताना दुखायचं ते?" ते म्हणाले, "तेही खरंच. वर्षानुवर्षं सुजलेल्या आतड्याच्या नसा इतक्या हळव्या होतात की सूज गेली तरी दुखत राहतात. जाळ काढला म्हणून चूल लगेच गार होते का?" अजून दोन तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असंही म्हणाले. मला ते दोन तास नाही दिसले, मला यार्डातले तीन आठवडे दिसले.

तिसऱ्या दिवशी मी कॉटजवळ बसले. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. "आप्पा," मी म्हटलं, "मी चुकले. फार चुकले." आणि रडूच आलं. आप्पा छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "पॅन कोन देखी ऱ्हायना?"

"भिका."

"दाना?"

"बरा आहे."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असंही म्हणाले नाहीत आणि नाही असंही. मला वाटतं, ते बरोबरच होतं.

चीफ केमिस्टांकडे जाऊन मी सगळं सांगितलं, माझ्या त्या एका वाक्यासकट. बदलीचा कागद त्यांनी स्वतः फाडला. पण वरातीमागून घोडं. आप्पांना काम झेपणार नव्हतं, त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. 'मॅडमनी कचेरी'ची किल्ली मी ड्रॉवरमधून काढली आणि पॅनशेजारच्या खांबावर खिळा ठोकून टांगली. लागेल त्याने घ्यावी, मला विचारू नये आणि मीही विचारणार नाही.

हंगाम संपायच्या आठवड्यात आप्पा कागदांवर सह्या करायला आले. सह्या खालीच होत्या, तरी ते वर चढले. टप्प्याटप्प्यावर थांबत, काकू एका बाजूला, मी एका बाजूला. आणखी वाळले होते. शर्ट ढगळ होता, दोन मापं मोठा. ऑपरेशनमध्ये आतड्याचं तोंड पोटावर काढलं होतं आणि तिथे पिशवी लावलेली होती. नेमकी उजव्या अंगाला, बेंबीखाली.

भिका पॅनला पोट टेकवून डोळे मिटून उभा होता. आप्पांना बघितल्यावर तो चटकन बाजूला झाला, बाहीने पत्रा पुसला. "या आप्पा, टेका. तुम्हनी जागा शे." त्याला पिशवीचं माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, अजूनही त्याला वाटतं की दाणा पोटानेच कळतो. त्याचे दाणे हल्ली उत्तम उतरतात, त्यामुळे मी त्याला काही सांगायला जात नाही.

आप्पा पत्र्याजवळ गेले. दोन्ही तळवे त्यावर ठेवले. पोट हातभर लांब. रंग उडालेला एक गोल डाग होता तिथे, बारा वर्षांचा, त्याकडे बघत राहिले.

"आते जमत नही," ते म्हणाले.

"दुखतंय का, आप्पा?" मी विचारलं. हा प्रश्न मी त्यांना इतक्या वर्षांत कधी सरळ विचारलाच नव्हता.

"रोजनंच शे."

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डागाकडे बोट दाखवलं. "मॅडम, तुम्ही टेका."

भिका बघत होता, काकू बघत होत्या. मी आप्पांपेक्षा उंच, त्यामुळे गुडघे वाकवावे लागले. मी पदर सावरला, उजव्या अंगाला कलले, त्या डागावर पोट टेकवलं आणि डोळे मिटले. आत पाक खदखदत होता.

"गरम शे का?" आप्पांनी विचारलं.

"आहे, आप्पा."

"मंग ऱ्हाऊ द्या जराखं," ते म्हणाले. आणि मी तशीच उभी राहिले.